औषध घेतले म्हणून नाम उणे पडते काय?



वाचक माउली, वारीला निघताना आपण पिशवी भरतो. धोतरजोडी, हरिपाठाची पोथी, गोपीचंदन, बुक्क्याची डबी, पाण्याची बाटली. अलीकडे प्रत्येकाच्या पिशवीत गोळ्यांचे पाकीटही असते, आणि त्यात लाजण्यासारखे कोणाला काही वाटत नाही. साखरेची गोळी आपण पंगतीत बसून सर्वांसमोर गिळतो. शेजारचा विचारतो, किती आहे? आपण आकडा सांगतो. रक्तदाबाचेही तसेच. पण एखाद्याच्या पिशवीत आणखी एक पाकीट असते, ते घडीच्या धोतरात, तळाशी, दिंडीतल्या कोणाला दिसणार नाही असे ठेवलेले. रात्री सगळे झोपले, की तंबूत चाचपडत ते काढायचे आणि पाण्याशिवायच गिळायचे. ते पाकीट धडधडीचे, झोपेचे, चिंतेचे.

ते लपवावे असे का वाटते? कारण आपण लहानपणापासून ऐकले आहे की नामधारकाला चिंता नसते. मग चिंतेची गोळी घेणारा नामधारक कसा? हा प्रश्न गेल्या काही वर्षांत निदान वीस-पंचवीस जणांनी मला एकांतात विचारला, बहुतेकांनी आवाज खाली करून. त्याचे उत्तर मी या पानांवर उघडपणे देणार आहे. पण त्याआधी मला माझे दोन अपराध सांगितले पाहिजेत. ते झाकून दिलेल्या उत्तराला किंमत नाही.

पहिला अपराध असा. साठी गाठली तेव्हा गादीवर उभे राहण्याआधी माझ्या छातीत धडधड सुरू झाली. चाळीस वर्षे कीर्तन करणाऱ्या माणसाला सभेची भीती कसली? पण नमन सुरू झाले की तळहात ओले व्हायचे, वाटायचे की आता पडणार. हृदयाचा आलेख काढला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची लहानशी गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. गोळीने पहिल्याच रात्री अशी झोप लागली की काकड्याला उठवावे लागले. पंधरा दिवस संपले. थांबवा असे कोणी म्हणाले नाही, मी विचारले नाही, मेडिकलवाल्यानेही विचारले नाही. जुन्या चिठ्ठीच्या झेरॉक्सवर गोळ्या मिळत राहिल्या. 2014 पासून सरकारने अल्प्राझोलाम, डायझेपाम अशा गोळ्या कडक यादीत घातल्या. दुकानदाराने डॉक्टरची ताजी चिठ्ठी पाहावी, वेगळ्या वहीत नोंद करावी, ती वही तीन वर्षे जपावी असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण बुवांना कोण अडवणार? रात्रीची एक गोळी होती, पुढे सकाळचीही लागली. अकरा वर्षे गेली.

या अकरा वर्षांत मी गादीवरून काय बोलत होतो? चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक, हे तर प्रत्येक कीर्तनकाराचे हुकमी वाक्य. माझेही होते. त्यापुढे जाऊन मी म्हणायचो, "आजकाल झोपायला गोळी, उठायला गोळी, हसायलासुद्धा गोळी! माउली, त्या गोळ्या फेका उकिरड्यावर आणि नाम घ्या." लोक टाळ्या वाजवायचे. आणि माझ्या बंडीच्या खिशात बुक्क्याच्या पुडीशेजारी पाकीट असायचे.

दुसरा अपराध यातूनच झाला. माणदेशातल्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. मी हे वाक्य तिथे नेहमीच्या जोरात म्हटले. पाच-सहा महिन्यांनी शेजारच्या गावी गेलो असता कीर्तन संपल्यावर एक तरुण पुढे आला. पाया पडला नाही. म्हणाला, "बुवा, माझी आई नऊ वर्षे क्लोनाझेपाम घेत होती. तुमचे कीर्तन ऐकून घरी आली आणि त्या रात्रीच सगळ्या गोळ्या शेणखताच्या ढिगात टाकल्या. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. अंगाला कापरे. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात तिला फिट आली, चुलीवर पडली. हात भाजला, मनगट मोडले." मी काही बोलणार, तोच तो पुढे म्हणाला, "ती तुम्हाला बोल लावत नाही. ती म्हणते, माझ्याच नामात खोट होती."

माउली, आयुष्यात मला अनेकांनी दोष दिले. फडात भांडणे झाली, कोणी मानधनावरून बोलले, कोणी पाठांतर चुकल्यावरून. या बाईने दोष दिला नाही, आणि तो मला सोसवेना. भाजलेला हात बरा होतो. पण जिने उभे आयुष्य तुळशीला पाणी घालून नाम घेतले, तिला स्वतःचे नाम खोटे वाटू लागले, ते माझ्या वाक्यामुळे. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. तिने डाव्या हाताने चहा दिला, उजवा प्लास्टरमध्ये होता. पायाला हात लावला. मी "सांभाळा" एवढेच म्हणून उठलो. खिशातल्या पाकिटाबद्दल बोलायची छाती झाली नाही.

मग मी काय केले? जे तिने केले तेच. मोठे प्रायश्चित्त करतो आहे असे मानून त्या वर्षी, कोरोनाच्या दोन वर्षे आधीच्या आषाढीला, प्रस्थानाच्या संध्याकाळी आळंदीला मी पाकीट इंद्रायणीत टाकले. माउलींच्या साक्षीने सोडले, आता परत नाही. (इंद्रायणीत आधीच काय कमी घाण जाते, की त्यात माझी भर. पण त्या वेळी मोठ्या त्यागाच्या भरात होतो.) तुकोबांच्या वह्या त्याच नदीत बुडाल्या, ते तेरा दिवस काठावर बसून राहिले, ही कथा मी शेकडो वेळा सांगितली आहे. त्या काठावर उभे राहून मनात कुठेतरी मी स्वतःला तिथे पाहत होतो, हे आज कबूल करतो. त्यांच्यावर ते संकट आले होते. मी ते मिरवायला आणले होते.

आळंदी ते पुणे निभावले. पुण्याच्या मुक्कामात झोप गेली. पुण्याहून निघून दिवे घाटात चढू लागलो तेव्हा ती गोष्ट घडली जिची मी कधी कल्पना केली नव्हती. टाळ सोसवेनात. पन्नास वर्षे ज्या आवाजात उभा राहिलो, ज्याच्याशिवाय मला पाऊल टाकता येत नाही, तो टाळांचा आवाज डोक्यात खिळे ठोकल्यासारखा लागू लागला. मृदंगाची प्रत्येक थाप छातीवर. ऊन पांढरे होऊन डोळ्यांत घुसत होते. पायाखालचा डांबरी रस्ता मऊ वाटत होता. मला वाटले, पांडुरंगाने मला वाळीत टाकले. नाम ज्या आवाजात असते तो आवाजच त्याने माझ्यापासून काढून घेतला.

सासवडला दिंडीच्या मंडळींनी मला आरोग्य पथकाच्या तंबूत नेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नाडी पाहिली, साखर पाहिली, हात पुढे करायला लावले. बोटे थरथरत होती. त्यांनी विचारले, "आजोबा, कोणती गोळी बंद केलीत?" कोणते औषध घेता, असे नाही विचारले. कोणती बंद केली, असे विचारले. मी आधी नाही म्हणालो. मग रडलो आणि सांगितले. त्या म्हणाल्या, "देवाचे नाव घेऊन केलेत ते ठीक, पण हे असे एकदम सोडून आणखी दोन दिवस उन्हात चाललात तर फिट येऊ शकते." त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, मला वारीतून घरी धाडले आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लावले. आयुष्यातली पहिली अर्धवट वारी.

आता जे मला पुढे समजले ते थोडे सांगतो, कारण आपल्यात ते कोणी सांगत नाही. या गोळ्यांच्या कुळाला बेंझोडायझेपिन म्हणतात. 1960 साली यातली पहिली गोळी बाजारात आली, 1963 मध्ये डायझेपाम. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्याच घरातली भावंडे. आपल्या मेंदूत स्वतःचा एक ब्रेक असतो, त्याच्या रसायनाला गाबा म्हणतात. ही गोळी त्या ब्रेकवर जोर देते. आता असे समजा, गाडी घाट उतरते आहे आणि शेजारी बसलेला कोणी तुमच्या पायावर पाय ठेवून ब्रेक दाबतो आहे. एक दिवस, दोन दिवस, बरे वाटते. वर्षानुवर्षे तो दाबत राहिला तर तुमच्या पायातला जोर जातो. मग तो एकाएकी उतरून गेला तर गाडीचे काय होईल? गाडी भीतीने धावत नाही, ब्रेक नाही म्हणून धावते. दिवे घाटात मला झाले ते एवढेच होते. त्यात पांडुरंगाचा कोप नव्हता, आणि त्या माउलीच्या नामात खोट नव्हती.

ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने 1988 मध्येच सांगून ठेवले होते की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. तिकडे न्यूकॅसल येथे हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी 1982 ते 1994 अशी बारा वर्षे या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठीच दवाखाना चालवला. गोळी हळूहळू उतरवायची, रुग्णाच्या चालीने उतरवायची, हे त्यांच्या कामाचे सार. आपल्याकडे आजही पंधरा दिवसांची गोळी पंधरा वर्षे चालते. उतारवयात ती आणखी अवघड. तोल जातो, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते, विसर पडतो. मला ज्ञानेश्वरीतल्या ओव्या गादीवर आठवेनाशा झाल्या होत्या. मी ते वयावर ढकलले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कीर्तनात आपण पूर्वपक्ष मांडतो तसा इथेही मांडू, आणि तो दुबळा करून मांडणार नाही.

पूर्वपक्ष म्हणतो: शरीराला औषध ठीक आहे, पण मन हे देवाचे आसन. तिथे रसायनाने आणलेली शांती ही शांती नव्हे, गुंगी आहे. ज्याला नाम पुरत नाही त्याचा नामावर विश्वास नाही. शिवाय आपण गळ्यात माळ घातली ती व्यसनापासून दूर राहण्यासाठी, आणि ही तर सवय लागणारी वस्तू.

यातला एक भाग खरा आहे, तो आधी मान्य करतो. अकरा वर्षांत गोळीने माझी भीती झाकली, पण भीतीबरोबर दुसरेही काही झाकले. काल्याच्या कीर्तनात माझा कंठ दाटून यायचा, डोळे भरायचे, ते थांबले होते. लोक रडायचे, मी कोरडा. आवाजात चढउतार होते, अभिनय होता, आत काही हलत नव्हते. मला वाटले, ही परिपक्वता. म्हणून ज्याला आपली गोळी उतरवावीशी वाटते, त्याची ती ओढ मी खोटी म्हणणार नाही.

पण बाकीचा पूर्वपक्ष टिकत नाही. मन हे शरीरापासून वेगळे, हवेत लटकलेले आहे असे आपल्या कोणत्या ग्रंथात सांगितले? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत आहार, विहार, झोप आणि जागरण यांचे प्रमाण सांगतात, आणि ते योगाच्याच प्रकरणात सांगतात. म्हणजे ध्यानाचा प्रश्न पोटाशी आणि झोपेशी जोडलेला आहे हे त्यांनी आधीच मानले. आणि सतराव्या अध्यायात, जे हट्टाने शरीर छळतात, आत बसलेल्या मलाही कष्ट देतात, त्यांचा निश्चय आसुरी असे स्पष्ट म्हटले आहे. हा अध्याय मी किती वेळा लावला असेल! इंद्रायणीच्या काठावर तो मला आठवला नाही.

नामावरच्या विश्वासाचे म्हणाल, तर ज्याचा डोळा मोतीबिंदूने गेला तो शस्त्रक्रिया करतो आणि मग पांडुरंगाचे मुख पाहतो. त्याला आपण म्हणतो का की तुझा विश्वास कमी? मग ज्याचे मन रात्रभर छातीवर बसते त्यालाच का म्हणावे? नाम हे औषधाच्या बाटलीवरचे लेबल नाही, की लक्षण गेले तर खरे आणि राहिले तर खोटे. मी स्वतः गादीवरून नामाला इतक्या खाली आणले होते. गोळीच्या बदली गोळी म्हणून मी ते विकत होतो.

व्यसनाचेही तसेच. व्यसनी माणूस धुंदीसाठी मात्रा वाढवतो, त्यासाठी घर विकतो, खोटे बोलतो. डॉक्टरच्या सांगण्यावरून रोज रात्री ठरलेली गोळी घेणाऱ्या बाईचे शरीर त्या गोळीवर टेकले असेल, पण ती व्यसनी झाली नाही. हा फरक मानसोपचारतज्ज्ञ करतात, आपणही करावा. काही जण खरोखर व्यसनाकडेही जातात, मात्रा वाढवतात, दारूबरोबर घेतात, आणि दारूबरोबर ती जीवघेणी आहे. पण सगळ्यांना त्या पंक्तीत बसवू नका. माळकरी माणसाला व्यसनी म्हटले की तो पाकीट आणखी खोल लपवतो, आणि लपवलेल्या पाकिटावर कोणत्याच डॉक्टरची नजर पडत नाही.

एकादशीचे एक खास आपले आहे. मला माहीत असलेले किमान चार वारकरी एकादशीला ही गोळी घेत नाहीत. उपवास मोडेल म्हणून. द्वादशीला त्यांचे डोके भणभणते, हात कापतात, चिडचिड होते, आणि ते समजतात की उपवास बाधला. महिन्यातून दोनदा हे असे ब्रेक सोडणे आणि दाबणे चालते. शरीराला यासारखे वाईट नाही. माउली, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी धर्मशास्त्रात मोजून दिल्या आहेत: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. औषध हे त्या यादीत स्वच्छ शब्दांत आहे. एकादशीला ठरलेल्या वेळी गोळी घ्या आणि जागराला बसा.

आता सोडण्याचे. मनाला हळूहळू, धीराने आवरावे, असे त्याच सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात. मी त्या 'हळूहळू'वर गादीवरून तासभर बोलू शकत असे. त्याचा अर्थ मला एका डॉक्टरने गोळीचे तुकडे करून शिकवला. तेव्हा मी दिवसाला एक मिलिग्रॅम घेत होतो. त्यांनी पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या आणि त्यातली फक्त अर्धी गोळी कमी केली. म्हणजे आठवा हिस्सा. चार आठवडे तिथेच थांबा म्हणाले. मग पुढचा तुकडा. शेवटी शेवटी तुकडे आणखी लहान. एका वेळी पाच ते दहा टक्के, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, अशीच चाल अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी 2025 मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शनात सुरुवातीला सुचवली आहे. काहींना आधी जास्त वेळ अंगात टिकणाऱ्या डायझेपामवर नेतात. माझे वय पाहून माझ्या डॉक्टरांनी तसे केले नाही. कोणाचे कसे करायचे ते त्यांनी ठरवायचे, मी नाही, तुम्हीही नाही. आणि काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या मोडायच्याच नसतात, म्हणून माझे वाचून सुरी हातात घेऊ नका.

मला दीड वर्ष लागले. मधे एकदा, घरात एक मृत्यू झाला तेव्हा, दोन पायऱ्या परत वर जावे लागले. मी डॉक्टरांना म्हणालो, हरलो. ते म्हणाले, तुम्ही पालखीबरोबर चालता ना, पालखी रोज चालते का? मुक्कामही असतात. मला उत्तर सुचले नाही.

त्या दीड वर्षात नामाने काय केले हे मी जपून लिहितो, कारण याच जागी मी आधी घसरलो होतो. नामाने कंप थांबला नाही. पहाटे तीनला जाग येऊन छाती धडधडायची ती नाम घेतल्याने बसली नाही. मी मोजून पाहिले आहे, कधी बसली, कधी नाही, आणि त्यात नियम सापडला नाही. मग उपयोग काय? उपयोग असा की धडधडीच्या वेळी करायला काही होते. हरिपाठ म्हणायला लागलो की तो संपेपर्यंत वेळ जायचा, आणि धडधडीत वेळ जाणे हेच मोठे. कित्येक रात्री अर्थाकडे लक्ष नसायचे, नुसते ओठ हलायचे. काही रात्री तेही जमायचे नाही, तेव्हा आमच्या सौभाग्यवती उठून म्हणायच्या आणि मी ऐकायचो. त्यांचा ताल चुकायचा. गादीवर असतो तर टोकले असते.

एक ओळखण्याची खूण सांगतो. जुनी चिंता परत येते तेव्हा ती कशाची तरी असते, मुलाची, कर्जाची, मरणाची. गोळी कमी होताना येते ती बहुधा कशाचीच नसते. ती नुसती अंगात असते, आवाजाची चीड घेऊन, उजेडाची चीड घेऊन, स्नायूंत गोळे घेऊन. दोन्ही एकमेकींत मिसळतात, म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगा. पण कशाचीच नसलेली चिंता आली तर तिला कारण शोधून देऊ नका, पूर्वजन्मीचे पाप तर मुळीच नाही.

आणि हे ठासून सांगतो. सगळ्या मनाच्या गोळ्या या कुळातल्या नसतात. नैराश्याच्या, फेफऱ्याच्या, मनोविकाराच्या इतर गोळ्या वेगळ्या आहेत. काहींना त्या आयुष्यभर लागतात आणि लागू द्याव्यात. आमच्या दिंडीत एक विणेकरी आहेत, वीस वर्षे औषध घेतात. एकदा त्यांच्या सुनेने भक्तीच्या भरात बंद करवले आणि पुढचे सहा महिने घराने जे भोगले ते इथे लिहीत नाही. ते आज औषध घेऊन अख्खी वारी वीणा खांद्यावरून उतरवत नाहीत. त्यांच्यापेक्षा मी श्रेष्ठ, कारण माझी सुटली, असे माझ्या मनात एकदा आले होते. तो विचार गोळीपेक्षा वाईट होता.

कोणाला बोलायला कोणी नसेल, तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर सरकारची टेलिमानस नावाची फोन-सेवा आहे. 14416 हा क्रमांक, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. फिट, भ्रम, जीव नकोसा वाटणे यांपैकी काही झाले तर मात्र फोनवर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

शेवटचा तुकडा ज्या महिन्यात सुटला, त्या कार्तिकीला काल्याचे कीर्तन दुसऱ्या एका तरुण बुवांचे होते. मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. टाळ वाजत होते, आणि ते मला फक्त टाळ वाटत होते. मधेच कधी डोळे वाहू लागले ते समजले नाही. कथा नेहमीचीच होती, बुवा फार काही चांगले सांगत होते असेही नाही.

त्यानंतर मी माणदेशात त्या माउलीकडे गेलो. मनगट जुळले होते, थोडे वाकडे. या वेळी बसल्याबसल्याच सांगितले. तुम्हाला फेका म्हटले तेव्हा माझ्या खिशात पाकीट होते. अकरा वर्षे होते. तुमच्या नामात खोट नव्हती, माझ्या बोलण्यात होती. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मुलगा दारात उभा होता. मला वाटले, आता रागावतील, आणि रागावल्या तर बरे असेही वाटले.

मग त्यांनी विचारले, "बुवा, तुम्ही तुकडे कशाने करत होता?"

मी म्हणालो, "अडकित्त्याने."

"भुगा होतो त्याने," त्या म्हणाल्या, आणि फळीवरून प्लास्टिकची एक छोटी डबी काढून आणली. गोळी मोडायची डबी, आत पाते. मेडिकलमध्ये मिळते म्हणाल्या, तालुक्याच्या डॉक्टरने सांगितली. त्यांची पुन्हा सुरू केलेली गोळी उतरत होती, अजून निम्मी बाकी होती. त्यांनी माझ्यासमोर एक गोळी डबीत ठेवून झाकण दाबले, दोन सारखे तुकडे झाले. एक त्यांनी पाकिटात परत ठेवला, दुसरा तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला आणि चहा ठेवायला आत गेल्या.